नमुना, तपासणी, नोंद : प्रस्तावना

पाण्याची तपासणी प्रयोगशाळेत होते, असे समजून बरेच विद्यार्थी या विषयाकडे वळतात. मात्र अहवालातला आकडा कितपत खरा ठरणार, याचा निकाल पुष्कळदा नदीकाठीच, नमुना घेतानाच लागलेला असतो.

उजनी जलाशयाचे उदाहरण घ्या. पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेवाटे तिथे पोहोचते आणि त्यावर शेवाळ फोफावते. हे शेवाळ उन्हात पाण्यात प्राणवायू सोडते, रात्री तोच वापरते. त्यामुळे विरघळलेला प्राणवायू दुपारी चढलेला आणि पहाटे तळाला गेलेला असतो. सोयीचे म्हणून दरवेळी दुपारीच नमुने घेतले, तर पहाटे मासे का गुदमरतात हे त्या आकड्यांतून कधीच कळणार नाही. म्हणून आधी प्रश्न ठरवावा. जागा, खोली आणि वेळ त्यावरून ठरते.

हा प्राणवायू मोजण्याची विंकलरची रीत १८८८ पासूनची, आणि आजही ती हाताने करून पाहावी अशीच आहे. काचेची ३०० मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहू देता भरायची आणि मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड काठावरच घालायचे. साका तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाही. काठावर शुद्ध पाण्याने भरून आणलेली कोरी बाटलीही सोबत तपासावी. बाटलीतून किंवा हाताळणीतून काही मिसळले असेल, तर ते तिच्यात दिसते.

नोंदींकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, याची मला फार खंत वाटते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तेच नायट्रोजन म्हणून मोजले तर सुमारे १० भरते. एकक नीट न लिहिल्यास दूषित विहीर कागदावर निर्धोक ठरते. जैवरासायनिक प्राणवायू मागणी २० अंशांना ५ दिवसांची की आपल्याकडच्या रीतीप्रमाणे २७ अंशांना ३ दिवसांची, हेही लिहायलाच हवे. ‘बीडीएल’ (शोधमर्यादेपेक्षा कमी) असा शेरा आला तर तिथे शून्य भरू नये. उपकरणाची शोधमर्यादा नोंदवावी.

शाळेतले रसायनशास्त्र आठवत असेल तर सुरुवातीला तेवढे पुरे. सांख्यिकी लागेल तेव्हा शिकता येते. जवळच्या ओढ्याचे पाणी एकदा पहाटे आणि एकदा दुपारी तपासून मगच पहिले प्रकरण उघडावे.