शेवटचे तीनशे फूट

शनिवार, १४ नोव्हेंबर १९७०

दुपार, ग्रीनव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
मार्शल विद्यापीठाचा संघ ईस्ट कॅरोलायनाविरुद्ध मैदानात उतरलाय. खेळ अमेरिकन फुटबॉल. मार्शल वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन गावचं, या खेळात फारसं नाव नसलेलं. गेल्या काही वर्षांत सलग २७ सामने विजयाविना गेले होते, आणि खेळाडू भरतीतल्या गैरप्रकारांमुळे १९६९मध्ये मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या स्पर्धा-गटाने संघाला निलंबित केलं होतं. अशा पडत्या काळात प्रशिक्षक रिक टॉली यांनी संघ हाती घेतला. यंदा आठ सामन्यांत तीन विजय मिळाले होते. हंटिंग्टनला तेवढंही पुष्कळ होतं. आजचा निकाल १७-१४. मार्शल तीन गुणांनी हरलं.

सामन्यानंतर
एरवी हा संघ बसनेच प्रवास करायचा. या दौऱ्यासाठी मात्र सदर्न एअरवेजचं डीसी-९ विमान भाड्याने घेतलेलं. सोबत गावातले पाठीराखेही आले होते. साहाय्यक प्रशिक्षक रेड डॉसन विमानात बसले नाहीत. नव्या खेळाडूची भेट घ्यायची होती म्हणून ते एका सहकाऱ्याला घेऊन मोटारीने निघाले.

संध्याकाळी ६.३८, किन्स्टन
विमानाने इथल्या स्टॅलिंग्ज फील्ड विमानतळावरून उड्डाण केलं. आत ७५ जण.

७.२३
हंटिंग्टनच्या नियंत्रकाशी संपर्क झाला. ट्राय-स्टेट विमानतळावर पाऊस, धुकं, खाली आलेले ढग. हा विमानतळ डोंगराळ मुलखातला, आणि इथल्या उतरण्याच्या यंत्रणेत एक उणीव होती. धावपट्टीची दिशा दाखवणारा रेडिओ संकेत होता, पण उतरण्याचा कोन दाखवणारा, म्हणजे ग्लाइड स्लोप, नव्हता. किती खाली आलो याचा हिशेब वैमानिकांनी स्वतःच ठेवायचा. त्यासाठी नियम स्पष्ट होता: धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसेपर्यंत समुद्रसपाटीपासून १,२४० फुटांच्या खाली यायचं नाही. धावपट्टी सुमारे ८३० फुटांवर. मधलं अंतर जेमतेम चारशे फुटांचं.

७.३४
विमानाने बाह्य मार्कर, म्हणजे धावपट्टीच्या वाटेवरचा रेडिओ खुणेचा टप्पा, ओलांडल्याचं कळवलं. नियंत्रकाने उतरण्याची परवानगी दिली. इथवर सगळं रीतसर चाललं होतं.

पुढची दोन मिनिटं मात्र पुन्हा पुन्हा तपासली गेली. १,२४० फुटांवर विमान सरळ धरायला हवं होतं. ते थांबलं नाही, आणखी सुमारे तीनशे फूट खाली आलं. वैमानिकांना धावपट्टी दिसली होती याची कुठलीच खूण तपासात सापडली नाही. विमानात रेडिओ उंचीमापकही असतो, पण तो पोटाखालच्या जमिनीपासूनचं अंतर सांगतो. खाली दरी असेल तर आकडा दिलासा देणारा दिसतो, आणि पुढचीच टेकडी त्याला ठाऊक नसते.

७.३६च्या सुमारास
धावपट्टीच्या पश्चिमेला, मैलभर अलीकडे, टेकडीवरच्या झाडांच्या शेंड्यांना विमान धडकलं. स्फोट, आग. एकही जण वाचला नाही.

रात्र
डॉसन यांनी बातमी मोटारीतल्या रेडिओवर ऐकली. मृतांत ३७ खेळाडू, प्रशिक्षक आणि संघाचे इतर कर्मचारी मिळून आठ, विमानाचे पाच कर्मचारी आणि पाठीराखे पंचवीस. हे पाठीराखे म्हणजे गावाची कर्ती माणसं: डॉक्टर, नगरसेवक, राज्याच्या विधिमंडळातला प्रतिनिधी. काही नवरा-बायको एकत्र गेले होते. सत्तर मुलांनी आई किंवा वडील गमावले. त्यांतली अठरा पूर्ण पोरकी झाली. एवढ्याशा गावात त्या रात्री ओळखीचं माणूस न गमावलेलं घर शोधावंच लागलं असतं.

नंतर
सहा खेळाडूंची ओळख पटली नाही. त्यांना स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारी शेजारी पुरलं. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण दिलं ते एवढंच: धावपट्टी न दिसता ठरलेल्या उंचीखाली उतरणं. ते का घडलं याचं नक्की उत्तर मंडळाकडेही नव्हतं. कॉकपिटमधल्या आकड्यांचा चुकीचा वापर किंवा उंचीमापक यंत्रणेतला दोष, या दोन शक्यता त्यांनी मांडल्या. मला वैमानिकांवर बोट ठेवून थांबता येत नाही. डोंगरात, धुक्यात, ढगांखाली जिथे उंचीची चूक सर्वांत महागात पडणार, नेमका तिथेच उंची सांगणारा संकेत नव्हता, आणि त्या धावपट्टीवर भरलेली विमानं उतरत होती. ही उणीव त्या संध्याकाळी निर्माण झालेली नव्हती.

हंगामातला उरलेला सामना रद्द झाला. नोंद राहिली तीन विजय, सहा पराभव.