विहीर एक, पोहरे चौसष्ट

भुसावळच्या यार्डाशी थोडा वेळ उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. गाडी खोळंबते ती बहुधा इंजिनात दम नसतो म्हणून नव्हे, पुढचा रूळ मोकळा नसतो म्हणून. महासंगणकाचेही तसेच आहे. कौतुक होते ते त्याच्या वेगाचे. आतल्या रस्त्यांविषयी कोणी बोलत नाही. आज त्या रस्त्यांविषयीच बोलू.

संगणकात हिशेब करणारा असतो प्रोसेसर, आणि आकडे साठवणारी असते स्मृती. अनेक प्रोसेसरना मिळून एकच स्मृती दिली, की ती झाली गावची विहीर. चार पोहरे असतील तोवर ठीक. चौसष्ट आले की पाणी भरपूर असूनही सगळे काठावर ताटकळतात. बरे, विहिरीचे ६४ भाग करून प्रत्येकाला प्रत्येक भागाकडे जायची सरळ वाट द्यावी, तर रेल्वेत ज्याला सांधा म्हणतात तसे ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६ सांधे लागतात. खर्च तिथेच वाढतो.

अमेरिकेने क्रे महासंगणक हवा तसा दिला नाही, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख. हाताशी तीन वर्षे आणि तीस कोटी रुपये. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यात सामाईक विहीर ठेवलीच नाही. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची स्मृती आणि इतरांशी बोलायला चार दुवे. गर्दी टळली, पण कोणता आकडा कोणाकडे आहे आणि तो केव्हा मागायचा, हे सांगायचे काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या माथी आले. ते सोपे नव्हते.

हे प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे, ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे. संदेशांचे ते दुवेही त्यांच्यातच होते. स्वदेशीचा जयघोष करताना हे आपण सांगत नाही. का सांगू नये? धुळ्याच्या मागावर सूत बाहेरगावचे येते, म्हणून कापड परके ठरत नाही. मात्र वीण आपली हवी.

ती वीण हळूहळू आली. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये सन कंपनीचे ४० सर्व्हर होते, प्रत्येकात चार प्रोसेसर आणि त्या चौघांची स्मृती सामाईक. म्हणजे घरोघरी चार पोहऱ्यांची विहीर. घराघरांना जोडायला ‘परमनेट’ नावाचे जाळे होते, आणि ते सी-डॅकने स्वतः रचलेले होते. सात वर्षांपूर्वी टाळलेली विहीर परत आली. पण झेपेल एवढीच, लहान.

पुढे ‘परम पद्म’मध्ये ‘परमनेट-२’ बसले. जून २००३ मध्ये जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत त्याचा क्रमांक १७१ वा लागला. प्रोसेसर तेव्हाही बाहेरचेच होते, आयबीएमचे.