कंधार आणि ‘रेफरन्स’ : एका संज्ञाघोटाळ्याचा इतिहास

शहाजहानच्या कारकीर्दीत ‘कंधार’ मोगलांच्या हाती दोनदा आले. इ. स. १६३१ मध्ये नसीरी खानाने जिंकले ते नांदेडच्या नैर्ऋत्येचे, तत्कालीन तेलंगणातील कंधार, इ. स. १६३८ मध्ये अली मर्दान खानाने स्वाधीन केले ते अफगाणिस्तानातील. फार्सी लेखनात दोहोंचे रूप एकच. तेव्हा वाचकाने केवळ शब्दावर विसंबून चालत नाही. प्रदेश, सरदार आणि वर्ष पाहावे लागते.

बिरुदांचा प्रकार याहून नाजूक आहे. अमोघवर्षाच्या इ. स. ८६६ च्या सिरूर लेखात त्यास लट्टलूरचा स्वामी म्हटले आहे. परंतु त्याची राजधानी तेव्हा मान्यखेट होती. पुढे सौंदत्तीचे रट्टही तेच बिरुद मिरवीत. हे नाव सत्ताक्षेत्राचे वर्णन करीत नसून मूळस्थानाकडे बोट दाखविते. फ्लीट यांनी लट्टलूर म्हणजे रतनपूर असे प्रथम मानले व नंतर लातूर स्वीकारले. म्हणजे बोट ओळखल्यावरही ते नेमके कोठे रोखले आहे हा प्रश्न उरतोच. कंधारच्या तलावास जगत्तुंगाचे नाव आहे. परंतु तिसरा गोविंद जगत्तुंग, आणि दुसऱ्या कृष्णाचा, राज्यावर न आलेला पुत्रही जगत्तुंगच. केवळ नावावरून तलावाचा कर्ता ठरत नाही.

नाव, नावाने दर्शविलेली वस्तू आणि त्या वस्तूचे स्थान, या तिहींची गल्लत संगणकभाषांच्या परिभाषेतही झाली आहे. अल्गोल-६० ने कार्यास मूल्य द्यावयाचे की नाव, असे दोन प्रकार मानले. फोरट्रानमध्ये बहुधा स्थानच दिले जाई. त्यामुळे काही जुन्या संकलकांत कार्यास दिलेला स्थिरांकसुद्धा बदलून जाई, आणि पुढे लिहिलेला ‘२’ हा दोन राहत नसे! १९६७ साली कोपनहेगन येथील व्याख्यानांत ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी नियोजनचिन्हाच्या डावीकडील व उजवीकडील मूल्यांचा भेद मांडला. डावीकडे स्थान अभिप्रेत असते, उजवीकडे त्या स्थानातील मजकूर. हा भेद ध्यानी आल्यास बरीच धूळ खाली बसते.

तरी संज्ञा सुधारल्या नाहीत. सी भाषेत सर्व काही मूल्याने दिले जाते. बदल घडवावयाचा असल्यास स्थानाचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, हेच मूल्य म्हणून द्यावे लागते. सी++ मधील ‘रेफरन्स’ हे एकाच वस्तूचे दुसरे नाव होय. त्याचा रोख पुढे बदलता येत नाही. १९९५ च्या जावातील ‘रेफरन्स’ मात्र वस्तूकडे नेणारे मूल्य आहे. त्याची नक्कल कार्यास मिळते. कार्याने त्या वस्तूत फेरफार केल्यास तो बाहेर दिसतो. आपल्या नकलेचा रोख दुसऱ्या वस्तूकडे वळविल्यास बाहेर काहीच बदलत नाही. म्हणून ‘जावात वस्तू रेफरन्सने दिल्या जातात’ हे विधान सी++ च्या अर्थाने खोटे ठरते, जावाच्या अर्थाने अर्धे खरे. दोन कंधारांप्रमाणे येथेही शब्द एक, प्रदेश दोन. विद्यार्थी मात्र एका प्रदेशाचा नकाशा घेऊन दुसऱ्यात उतरतो आणि दोष स्वतःच्या बुद्धीस देतो. वस्तुतः दोष नामकरणाचा आहे.

जावाच्या पुरस्कर्त्यांनी आपल्या भाषेत पॉइंटर नाहीत अशी ग्वाही दिली होती. रिकाम्या रेफरन्सवर क्रिया केली असता ती भाषा जो दोष जाहीर करते, त्याचे नाव मात्र ‘नलपॉइंटर एक्सेप्शन’ असे आहे.