ऑफिसचा शेअर्ड फोल्डर: बनवायला दहा मिनिटं, पण आधी ठरवा या तीन गोष्टी

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी 'कोटेशन फायनल' येतं. दुपारी 'कोटेशन फायनल २'. संध्याकाळी 'एकदम फायनल, हेच पाठवा'. आणि दुसऱ्या दिवशी कळतं की ग्राहकाला गेलंय ते सकाळचंच! चार-पाच जण मिळून काम करत असाल, तर हा घोळ तुमच्याकडेही कधी ना कधी झालाच असेल.

यावरचा उपाय जुनाच आहे. फाइल एकाच ठिकाणी ठेवायची आणि सगळ्यांनी तिथूनच उघडायची. असा फोल्डर बनवणं अजिबात अवघड नाही. पण त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं ठरलेली हवीत: फाइल कोण बदलू शकेल? ती कोणाच्या नावावर असेल? आणि चुकून उडाली तर परत कुठून आणायची? ही उत्तरं नसतील, तर शेअर्ड फोल्डर सोय कमी आणि डोकेदुखी जास्त ठरतो.

शेअर्ड नेटवर्क फोल्डर म्हणजे काय?

एका संगणकावरचा फोल्डर त्याच नेटवर्कवरच्या इतर संगणकांना उघडता येतो, त्याला शेअर्ड नेटवर्क फोल्डर म्हणतात. ज्या संगणकावर फाइल प्रत्यक्ष असते तो यजमान, बाकीचे पाहुणे. यासाठी विंडोज 'एसएमबी' नावाची पद्धत वापरतं. तिची सुरुवात १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाली. आज मॅक आणि लिनक्सलाही ती समजते, त्यामुळे ऑफिसात वेगवेगळे संगणक असले तरी अडत नाही.

विंडोजवर कसा बनवायचा?

१. सतत चालू राहील असा एक संगणक यजमान म्हणून निवडा. तो स्लीप मोडमध्ये गेला की फोल्डर सगळ्यांसाठी गायब होतो.

२. सेटिंग्जमध्ये नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' ठेवा आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा.

३. यजमान संगणकावर प्रत्येक सहकाऱ्यासाठी वेगळं खातं तयार करा आणि त्याला पासवर्ड द्या. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून सहसा आत घेत नाही. बरेच जण इथेच अडतात.

४. फोल्डरवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, शेअरिंग, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग असं जा. फोल्डरला छोटं नाव द्या आणि परमिशन्समध्ये कोणाला काय करता येईल ते ठरवा.

५. दुसऱ्या संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, यजमान संगणकाचं नाव, एक रेघ आणि फोल्डरचं नाव टाका. उदाहरणार्थ \\ऑफिस\प्रकल्प.

एक लक्षात ठेवा, साध्या विंडोज १० किंवा ११ ला एका वेळी जास्तीत जास्त २० उपकरणं जोडण्याची मुभा आहे. टीम त्याहून मोठी असेल तर सर्व्हर किंवा 'नॅस' नावाचं फाइल साठवायचं स्वतंत्र उपकरण घ्यावं लागतं.

दाराला दोन कुलपं

'परवानगी दिली, तरी फाइल सेव्ह होत नाही' ही तक्रार नेहमी ऐकू येते. याचं कारण सोपं आहे. विंडोजमध्ये परवानग्यांचे दोन थर असतात. एक 'शेअरिंग' टॅबमध्ये, दुसरा 'सिक्युरिटी' टॅबमध्ये. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही कुलपं लागू होतात आणि ज्याचा नियम जास्त कडक, तो चालतो. सिक्युरिटीमध्ये बदलाची मुभा असली आणि शेअरिंगमध्ये फक्त 'रीड' असलं, तर माणूस फाइल नुसती वाचू शकतो. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये सुरुवातीला सर्वांसाठी 'रीड' एवढंच दिलेलं असतं, हेही विसरू नका.

कंटाळून सगळ्यांना 'फुल कंट्रोल' देऊन टाकणं हा यावरचा उपाय नाही. रोज काम करणाऱ्यांना बदलाची मुभा, फक्त बघणाऱ्यांना वाचनाची मुभा आणि हिशेब-पगाराच्या फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, एवढी वाटणी छोट्या ऑफिसला पुरते.

प्रोजेक्ट सॉफ्टवेअरला जोडताना

आता बरीच कामं प्रोजेक्ट सॉफ्टवेअरवर वाटली जातात. तिथल्या टास्कमध्ये नेटवर्क फोल्डरचा पत्ता टाकताना दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक ड्राइव्हच्या अक्षराची. तुमच्या संगणकावर तो फोल्डर 'झेड' ड्राइव्ह असेल, तर सहकाऱ्याकडे 'वाय' असू शकतो. मग तुम्ही दिलेला पत्ता त्याच्याकडे उघडतच नाही. म्हणून अक्षर न लिहिता संगणकाच्या नावासकट पूर्ण पत्ता द्या.

दुसरी चूक म्हणजे त्या पत्त्यावर क्लिक होईल असं गृहीत धरणं. सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असेल, तर वेबपेजवरून नेटवर्कवरची फाइल थेट उघडायला क्रोम, फायरफॉक्ससारखे ब्राउझर सुरक्षेसाठी मनाई करतात. पत्ता कॉपी करून फाइल एक्सप्लोररमध्ये चिकटवावा लागतो. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर 'लिंक चालत नाही' हे रोज ऐकावं लागेल.

काही सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरची सोय आतच असते. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये प्रत्येक साध्या चॅनलसाठी शेअरपॉइंटवर आपोआप एक फोल्डर बनतो. ओपनप्रोजेक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर नेक्स्टक्लाउडला जोडलं, तर प्रत्येक प्रकल्पाचा फोल्डर तयार करून सदस्यांनाच त्यात प्रवेश देण्याचं कामही ते करू शकतं.

फाइल कोणाच्या नावावर?

हा प्रश्न कोणी नोकरी सोडेपर्यंत सुचतच नाही! टीम्सच्या चॅनलमध्ये टाकलेली फाइल टीमच्या जागेत राहते. पण खासगी चॅटमध्ये पाठवलेली फाइल पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये असते. गूगलचंही तसंच. 'माय ड्राइव्ह'मधली फाइल व्यक्तीच्या मालकीची, तर वर्कस्पेसच्या 'शेअर्ड ड्राइव्ह'मधली फाइल संस्थेच्या मालकीची. माणूस गेला, खातं काढून टाकलं आणि फाइल आधीच दुसऱ्याच्या नावावर केली नसेल, तर काही दिवसांनी तीही हाती लागत नाही. म्हणून कामाची फाइल पहिल्या दिवसापासून टीमच्या जागेतच ठेवा.

उडाली तर?

आपल्या संगणकावरची फाइल डिलीट केली तर ती रीसायकल बिनमध्ये जाते. नेटवर्क फोल्डरमधली फाइल मात्र साधारणपणे थेट नष्ट होते. समोर येणारा प्रश्न न वाचता 'येस' दाबलं की खेळ खलास. क्लाउडवर थोडी उसंत मिळते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, शेअरपॉइंटमध्ये एकूण ९३ दिवस.

धोका फक्त चुकीच्या क्लिकचा नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस पसरला आणि १५० हून अधिक देशांतले संगणक त्याने कुलूपबंद केले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या अपॉइंटमेंट आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. तो शिरला होता एसएमबीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतल्या दोषातून. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा अपडेट मार्चमध्येच दिला होता, पण अनेकांनी तो घेतलाच नव्हता. असा व्हायरस एका संगणकात आला, तर त्या माणसाला ज्या शेअर्ड फोल्डरमध्ये बदल करायची मुभा आहे, तिथल्या फाइलही बंद करू शकतो. परवानग्या मोजून-मापून द्यायच्या त्या यासाठीच.

म्हणून एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवा, विंडोजचे अपडेट पुढे ढकलू नका आणि हा फोल्डर थेट इंटरनेटवर उघडा करू नका. बाहेरून काम करायचं असेल तर व्हीपीएन वापरा. आठवड्यातून किमान एकदा वेगळ्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्या आणि नंतर ती डिस्क काढून ठेवा. कारण जोडलेली डिस्कही व्हायरसच्या तावडीत सापडते.

शेवटी एक छोटी परीक्षा. आज एखादी बिनमहत्त्वाची फाइल मुद्दाम डिलीट करा आणि बॅकअपमधून परत आणून बघा. आली, तर तुमचा शेअर्ड फोल्डर खरंच तयार झाला. नाही आली, तर बरंच झालं, हे आजच कळलं!