चौकोनामागची पत: हुंडीपासून क्यूआर कोडपर्यंत

१/
माझी आत्या सांगलीजवळच्या एका खेड्यात हळद आणि मसाले दळून विकते. घरची चक्की, मदतीला दोघीजणी आणि आठवडी बाजारात एक टेबल, एवढाच पसारा. यंदा ५,००० पाकिटे छापायला टाकायची होती. छपाईवाल्याने सुचवले, पाकिटावर क्यूआर कोड घाला, धंदा वाढेल. त्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम भरावी लागेल, हेही त्याने सांगितले. आत्याने मला विचारले, "तू इतिहास शिकतोस न्हवं? मग सांग बघू, असल्या चौकोनानं कुणाचा धंदा वाढलाय का आजवर?"

प्रश्न थट्टेतला होता, पण तो मला पंधरा दिवस पुरला. आजचा धागा त्या उत्तराचा.

२/
क्यूआर कोडचे वय जेमतेम तीस वर्षांचे. तो ज्या अडचणीवर उपाय आहे, ती मात्र शतकानुशतकांची आहे. ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्या मालावर आणि पैशावर विश्वास कसा ठेवायचा? मराठीत या विश्वासाला एक नेमका शब्द आहे: पत. अब्रू आणि उधार मिळण्याची योग्यता, असे दोन्ही अर्थ या एका शब्दात सामावलेले आहेत. व्यापाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी पत दूरवर कशी पोहोचवायची, याचाच इतिहास आहे.

३/
पहिले साधन हुंडी. रोख रक्कम घेऊन घाट उतरणे धोक्याचे, म्हणून व्यापारी आपल्या गावच्या पेढीत पैसे भरून दूरच्या पेढीवर हुंडी घेई. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी मिळत ती मुदती. 'शहाजोग' हुंडीचे पैसे बाजारातल्या प्रतिष्ठित माणसालाच मिळत. कागद तोच, पण तो आणणारा कोण आहे हेही पाहिले जाई. समोरच्या पेढीने पैसे दिले, की हुंडी 'वठली'.

४/
हुंडीच्या लेखनात एक सुंदर खबरदारी असे. रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत आणि शिवाय तिची निम्मी रक्कम लिहून 'त्याचे दुप्पट' असेही नोंदवीत. शंभर रुपयांच्या हुंडीत पन्नासचाही उल्लेख येई. एका जागी कोणी खाडाखोड केली, तर दुसऱ्या जागची नोंद ती उघडी पाडी. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, ती 'पेठ'. तीही हरवली तर तिसरी, 'परपेठ'. एकच गोष्ट अनेक प्रकारे सांगून ठेवायची, म्हणजे कागद फाटला तरी व्यवहार मोडत नाही.

५/
आता थेट जपानला जाऊ. साल १९९४. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो या उद्योगसमूहातील मासाहिरो हारा आणि त्यांचे सहकारी एका अडचणीत होते. उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये वीसेक अक्षरेच मावत, त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक बारकोड लावावे लागत आणि ते वाचताना कामगार थकून जात. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या 'गो' या खेळाचा पट पाहून हारा यांना आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी माहिती भरण्याची कल्पना सुचली. या नव्या चौकोनात तब्बल ७,०८९ अंक मावू शकत.

६/
कोडच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन शोभेसाठी नाहीत. त्यांतून कोणत्याही कोनाने रेघ ओढली, तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते. छापील मजकुरात सहसा न आढळणारे प्रमाण त्यासाठी शोधून काढले गेले. त्यामुळे कोड तिरपा धरला, तरी यंत्राला तो चटकन सापडतो.

त्याहून महत्त्वाची सोय म्हणजे माहितीची पुनरुक्ती. सर्वांत कडक पातळीवर कोडचा सुमारे ३० टक्के भाग फाटला वा मळला, तरी तो वाचता येतो. हुंडीतले 'त्याचे दुप्पट' आठवले ना? तंत्र अगदी वेगळे आहे, पण शहाणपण एकाच जातीचे.

७/
व्यापाराच्या दृष्टीने सर्वांत मोठा निर्णय पुढे आहे. डेन्सोकडे या शोधाचे एकस्व होते, पण ठरलेल्या नियमांनुसार कोड वापरणाऱ्यांवर ते न बजावण्याचे तिने ठरवले. २००० साली कोडला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. चिन्ह सर्वांचे झाले, म्हणूनच ते सर्वत्र गेले.

८/
खूण सर्वांची नसली की काय होते, हे आपल्या बाजारपेठांनी सोसलेले आहे. मराठेशाहीच्या काळात अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. सराफ नाणे पारखी आणि टांकसाळ, वजन, झीज पाहून त्यावर 'बट्टा' कापी. 'नावाला बट्टा लागणे' हा आपला वाक्प्रचार याच व्यवहारातला. लहान दुकानदाराला प्रत्येक नाण्याची पारख येत नसे, म्हणून त्याचे नुकसान सर्वाधिक. १८३५ साली कंपनी सरकारने एकसारखा रुपया काढला, पण जुनी नाणी बाजारातून जायला बराच काळ लागला.

९/
आपल्याकडे यूपीआय २०१६ साली सुरू झाले. त्या सुमारास दुकानाच्या गल्ल्यावर तीन-चार कोड शेजारी शेजारी चिकटवलेले दिसत. या ॲपसाठी हा, त्या ॲपसाठी तो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने केवळ स्वतःच्याच ॲपपुरते चालणारे नवे कोड काढण्यास मनाई केली आणि जुने कोडही सर्वांना वाचता येतील असे करण्यासाठी ३१ मार्च २०२२ ची मुदत घातली. त्याआधी, १ जानेवारी २०२० पासून, यूपीआयने पैसे स्वीकारणाऱ्या दुकानदाराकडून घेतले जाणारे शुल्क शून्यावर आणले गेले होते. एक खूण, आणि तिच्यावर बट्टा नाही. चहाच्या टपरीपर्यंत कोड पोहोचला, त्यामागे या दोन गोष्टींचा मोठा वाटा आहे.

१०/
येथवर सारे गोड आहे. पण पतीच्या इतिहासात आणखी एक प्रश्न सतत येतो: वही कोणाच्या हाती?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. इतिहासात तो 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखला जातो. त्यात लक्षात राहणारी गोष्ट अशी, की जमावाचा रोख मुख्यतः सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या यांच्यावर होता. ते हिसकावून जाळले गेले. वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, आणि कुळाला ते वाचता येत नसे. आपण किती फेडले याचा पुरावाच कुळाकडे नव्हता.

११/
त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो आधी पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. (आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ साली 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले.) या कायद्यातली एक तरतूद वरवर किरकोळ वाटते: कर्जदाराला पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. म्हणजेच वहीची एक प्रत दुबळ्याच्या हातात. या कायद्याने सावकारी संपली नाही. पण दुखणे नेमके कोठे आहे, हे त्याने ओळखले होते.

१२/
या चष्म्यातून टपरीवरचा कोड पाहा. रोजची विक्री आजवर गल्ल्यात येई आणि गल्ल्यातूनच जाई. तिचा कागद उरत नसे. आता प्रत्येक जमा बँकेच्या खात्यात दिनांकासह नोंदली जाते. कर्ज मागायला गेलेल्या लहान व्यावसायिकाला दाखवता येईल असा हा हिशेबाचा उतारा आहे, आणि तो त्याच्या स्वतःच्या नावावर आहे. पैसे स्वीकारण्याचा कोड धंदा वाढवतो तो प्रामुख्याने असा: गिऱ्हाईक ओढून नव्हे, तर पतीचा पुरावा साठवून.

१३/
मग गिऱ्हाईक कसे वाढते? त्यासाठी किर्लोस्करवाडीला जाऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि तिथे कारखाना उभा राहिला. आज तो भाग सांगली जिल्ह्यात आहे. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. आरंभी ते कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे पत्रक होते. पुढे 'किर्लोस्कर' या नावाने ते मराठीतले आघाडीचे मासिक झाले.

१४/
यातला धडा सोपा आहे. नांगरावर नाव कोरले म्हणून काही शेतकऱ्याची भीती जात नाही. नावामागे बोलणारे कोणीतरी लागते. पाकिटावरचा कोड म्हणजे 'खबरे'कडे नेणारे दार. दाराआड हळद कोणत्या शेतातली, केव्हा दळली, तक्रार कोणाकडे करायची, हे असेल तर दाराला अर्थ. आत रिकामी खोली असेल, तर गिऱ्हाईक पुन्हा ते दार उघडणार नाही.

१५/
सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. (बेदाण्याला आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला ते त्याआधीच, २०१६ मध्ये मिळाले होते.) हे मानांकन म्हणजे एका प्रदेशाची सामाईक पत. पण ते आपोआप पाकिटावर छापता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. आत्याची ती नोंदणी नाही. मानांकनाचे चिन्ह तिने छापले असते, तर एका कोऱ्या चौकोनापायी साऱ्या गावच्या नावाला बट्टा लागला असता.

१६/
आता छपाईवाल्याच्या वार्षिक रकमेचे कोडे. कोड दोन प्रकारचे असतात. एकात मजकूर चौकोनातच भरलेला असतो: दूरध्वनी क्रमांक, पत्ता. तो कोणालाही पैसे न भरता कायम चालतो. दुसऱ्यात चौकोन फक्त मध्यस्थाच्या संगणकाकडे बोट दाखवतो आणि तो मध्यस्थ पुढचा रस्ता दाखवतो. मजकूर हवा तेव्हा बदलता येतो, कोड किती जणांनी पाहिला हेही कळते, ही त्याची खरी सोय. पण वर्गणी थांबली, की छापलेली सारी पाकिटे मुकी होऊ शकतात. वही पुन्हा दुसऱ्याच्या घरी.

१७/
आणखी एक उणीव. हुंडी पेढीवरचा कारकून डोळ्यांनी वाचू शके. क्यूआर कोड माणसाला वाचताच येत नाही. म्हणून दुकानाच्या कोडवर रातोरात दुसराच कोड चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार घडतात. उपाय जुनाच: आणणारा कोण हे पाहणे. पैसे पाठवण्याआधी पडद्यावरचे नाव गिऱ्हाइकाने मोठ्याने वाचावे, आणि दुकानदाराने रोज सकाळी स्वतःचा कोड एकदा तपासावा.

१८/
आत्याला मी एवढेच सांगितले: "कोड घाल, पण तुझ्याच नावावरच्या फोनचा नंबर थेट त्यातच भर. शेजारी तोच नंबर आकड्यांत छाप. कुणी फोन केला, तर उचलायचा मात्र तू."

ती हसली. म्हणाली, "म्हंजे चौकोन निमित्त. बोलायचं मलाच."

हुंडीच्या काळातही याहून वेगळे नव्हते. कागद पैसे देत नसे. कागदामागचे माणूस देत असे.

१९/
सातारा-सांगलीकडच्या वाचकांना एक विनंती. घरच्या माळ्यावर जुन्या हुंड्या, चोपड्या, पासबुके असतील तर रद्दीत घालू नका. मोडी वाचता येत नसेल, तरी जपून ठेवा. तुमच्या घराण्याची पत कशी उभी राहिली, याचा पुरावा कदाचित त्यातच असेल.