हिंगोलीचा हरिसिंग आणि ट्रान्सिल्व्हेनियाचा सरदार

कयाधू नदीच्या खोऱ्यातले हिंगोली हे गाव १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. तोवर ते परभणी जिल्ह्याचाच एक तालुका होते, आणि त्याच्याही पूर्वी, निजामाच्या अमदानीत, इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेची मोठी छावणी तेथे पडलेली होती. या छावणीत १८३० च्या आसपास हरिसिंग नावाचा एक इसम व्यापारी म्हणून वावरत होता. फौजेतील गोरे अधिकारी त्याच्याशी देवघेव करीत, आणि त्यांत फिलिप मेडोज टेलर हा तरुण लष्करी अंमलदारही होता. पुढे ठगांच्या टोळ्यांची तहकिकात सुरू झाली, पकडलेले लोक माफीचे साक्षीदार होऊन जबान्या देऊ लागले, आणि या प्रतिष्ठित हरिसिंगाची खरी ओळख बाहेर आली: तो त्या मुलखातील ठगांचा म्होरक्या होता.

टेलरने १८३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकीकत दिली आहे. मुंबईहून कापड आणावयाचे आहे असे सांगून हरिसिंगाने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना मिळवला. ते कापड वास्तविक जवळच्याच एका गावच्या व्यापाऱ्याचे होते आणि तो व्यापारी ते घेऊन वाटेवर आहे हे हरिसिंगाला ठाऊक होते. त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गुरे हाकणाऱ्यांना मारून त्याने तो माल सरकारी परवान्याच्या आधाराने छावणीत आणला आणि उघडपणे विकला. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, या टोळीने माणसे मारली होती, आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात, ती पुरली होती. माफीचे साक्षीदार एकेक जागा शांतपणे दाखवीत होते आणि ती उकरली जात असता टेलर स्वतः तेथे उभा होता. अखेरीस जमलेल्यांना ते पाहणे असह्य झाले आणि त्यांनी खोदकाम थांबवले.

व्हिक्टोरियाकालीन इंग्रजी साहित्यातील एका थोर खलपुरुषाची पाळेमुळे या ओढ्यात आहेत, असे मी मानतो. टेलरच्या कादंबरीचा नायक अमीर अली हा शेकडो खून केल्याची जबानी एका इंग्रज साहेबापुढे सविस्तर देतो, आणि या ग्रंथाविषयीची उत्कंठा एवढी होती की तरुण राणी व्हिक्टोरियाने त्याचे छापील फर्मे मागवून घेतले होते. मात्र हिंगोलीच्या त्या अनुभवातील सर्वांत भयंकर गोष्ट प्रेतांची संख्या नव्हती. हरिसिंग इतरांसारखाच दिसत होता, ही ती गोष्ट होती. ज्या राज्यकर्त्याला प्रजेची भाषा अर्धवट समजते, चालीरीती त्याहून कमी समजतात, आणि जो मूठभर असून विस्तीर्ण मुलखावर अंमल गाजवतो, त्याला ओळखू न येणाऱ्या पापाची भीती वाटावी हे स्वाभाविक होते. तथापि त्या भीतीवर इंग्रजांनी जे उपाय शोधले, त्यांचा इतिहास मला त्या खुनांच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पहिला उपाय धर्मशास्त्रातून आला. त्या पिढीतील श्रद्धाळू ख्रिस्ती मनाला पाप हे मनुष्यमात्राच्या पतनाचे फळ वाटे आणि खोट्या धर्माने ते बळावते असा त्याचा दृढ विश्वास होता. त्यामुळे ठगांविरुद्धची मोहीम चालवणाऱ्या स्लीमन या इंग्रज अंमलदाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठगीचे जे चित्र उभे केले त्यात भवानीची उपासना, शकुन-अपशकुन आणि गुप्त सांकेतिक भाषा यांना फार मोठे स्थान मिळाले. नाना जातींच्या आणि धर्मांच्या त्या वाटमाऱ्यांना एकाच पंथाच्या सूत्रात गुंफणारे हे चित्र अतिरंजित होते असे आज अनेक इतिहासकारांचे मत आहे, आणि ते मला पटते. तरीही या विचारात एक खिडकी उघडी होती: जे शिक्षणाने आले ते शिक्षणाने जाऊ शकेल. टेलरचा अमीर अली जन्माने ठग नाही. त्याच्या आईबापांना मारणाऱ्या इस्माईल जमादाराने त्याला दत्तकासारखे वाढवले, दीक्षा दिली आणि ठग बनवले. आणि आपल्याच हातून आपल्या सख्ख्या बहिणीचा गळा आवळला गेला हे कळताच तो कळवळतो. त्याच सुमारास सागर येथे फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या डॉ. स्प्राय याने एडिंबरोच्या मस्तिष्कशास्त्रज्ञांकडे पाठविल्या होत्या. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्या त्या मंडळींनाही या डोक्यांत संहाराची वृत्ती सर्वांवर मात करणारी आढळली नाही, आणि संगत व संस्कार यांकडे बोट दाखवणे त्यांना भाग पडले.

कायद्याने मात्र तेवढी सबुरी दाखवली नाही. १८३६ च्या ३० व्या कायद्यान्वये, मनुष्य केव्हाही, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात वा मुलखाबाहेर, ठगांच्या टोळीत होता एवढे शाबीत झाले की त्याला सक्तमजुरीची जन्मकैद होई; अमुक माणसाने अमुक खून केला हे दाखवण्याची गरज उरली नाही.

पुढील तीस-चाळीस वर्षांत युरोपचे मन पालटले. डार्विनचा पहिला महान ग्रंथ १८५९ मध्ये आणि मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. या दुसऱ्या ग्रंथात काही माणसांच्या कानाच्या कडेवर दिसणारे लहानसे टोक हा पूर्वजांच्या टोकदार कानांचा अवशेष असल्याचे त्याने प्रतिपादिले होते. त्या निरुपद्रवी निरीक्षणाचा इतरांनी जो विस्तार केला तो निरुपद्रवी राहिला नाही. १८७६ मध्ये इटलीच्या लाँब्रोझोने गुन्हेगार म्हणजे आदिम अवस्थेकडे उलटलेला मनुष्य, असा सिद्धांत मांडला आणि कान, जबडा, भुवया यांवरून तो ओळखू येतो असे सांगितले. साहित्याने हे तत्काळ उचलले. स्टीव्हन्सनचा हाइड १८८६ मध्ये वानराच्या आवेशाने काठी चालवतो. आणि १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला हा ट्रान्सिल्व्हेनियाचा सरदार येतो तो टोकदार कान, नाकावर जवळजवळ जुळलेल्या दाट भुवया, तीक्ष्ण दात आणि तळहातावर केस घेऊनच. कादंबरीतली मीना तर लाँब्रोझोचे नाव घेऊन सांगते की हा सरदार गुन्हेगारांच्या जातीचा आहे आणि त्याचे मन अपुरे वाढलेले आहे. स्टोकर जन्माने डब्लिनचा, आणि निवृत्त टेलरही डब्लिनलाच राहिला. परंतु अमीर अली आणि ड्रॅक्युला यांच्यामध्ये फार मोठे अंतर पडले आहे. एकाचे पाप त्याच्या कहाणीत आहे, दुसऱ्याचे हाडामांसात. आणि ज्याचे पाप हाडात आहे त्याची जबानी ऐकण्याचे कारण उरत नाही. स्टोकरच्या कादंबरीत रोजनिशी, पत्रे आणि तारा सर्वांच्या आहेत. ड्रॅक्युलाची स्वतःची हकीकत तेवढी कोठे नाही.

कादंबरीतील सरदाराला हाडात पाप असल्याच्या या समजुतीचे सुखदुःख नव्हते. हिंदुस्थानातील जिवंत माणसांना मात्र ते भोगावे लागले. डार्विनचा तो दुसरा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, ऑक्टोबर १८७१ मध्ये, हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा जसा पिढ्यान्‌पिढ्या सुतारच राहतो तसा या जमातींचा धंदा गुन्ह्याचाच, असा युक्तिवाद विधेयकाच्या वेळी करण्यात आला: आमच्याच जातिव्यवस्थेचा आधार घेऊन वंशपरंपरेने येणाऱ्या पापाची कल्पना कायद्यात बसवली गेली, आणि आमच्यातील अनेक वरिष्ठ जातींना ती खटकली नाही हेही येथे नोंदले पाहिजे. आरंभी हा कायदा उत्तरेकडे होता. १९११ मध्ये तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्याची सोय झाली आणि बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही त्यात आला. त्या ठशांचे पहिले दफ्तर कलकत्त्यास उघडले ते १८९७ मध्ये, ड्रॅक्युलाच्याच साली. निजामाच्या संस्थानातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असाच कायदा झाला, आणि मराठवाड्यातील पारधी, कैकाडी, भामटे अशा फिरत्या लोकांमागे पोलीस ठाण्याची हजेरी लागली. ज्या मुलखात एका खुनी व्यापाऱ्याला मागताक्षणी परवाना मिळाला, त्याच मुलखात पाखरे धरून वा टोपल्या विणून पोट भरणाऱ्यांना पुढच्या गावी जाण्यास परवाना लागू लागला. नवजात मूलही संशयितांच्या वंशात जन्मास येऊ लागले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. परभणी-हिंगोलीकडे आजही गावाच्या कडेला पालात राहणाऱ्या पारध्याकडे चोरी झाल्याबरोबर प्रथम बोट दाखवले जाते, आणि ते दाखवणाऱ्यांपैकी कोणी लाँब्रोझोचे नावही ऐकलेले नसते.

टेलर आणि स्टोकर यांची पुस्तके उत्तम आहेत, ती अवश्य वाचावीत. परंतु परभणीच्या वाचकाने त्यांच्या शेजारी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेले, मराठवाड्याच्याच लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ ठेवावे आणि आधी ते वाचावे. कारण त्यात, या दीड शतकाच्या इतिहासात ज्यांच्याविषयी इतर सर्व बोलले, त्यांची स्वतःची जबानी आहे.