कॅमेऱ्याची पारख



माळेगावच्या यात्रेत बैल घेणारा शेतकरी आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आधी जबडा उघडून दात मोजतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून खुरांकडे पाहतो, आणि तरीही मन भरले नाही तर गाडीला जुंपून बघतो. दलाल कितीही बोलत राहिला तरी याचे लक्ष बैलाच्या पायांवरून ढळत नाही. हीच रीत कॅमेरा घेताना चालवावयाची म्हटली तर कशी चालवावी? कॅमेऱ्याला दात नसतात.

जुन्या काळच्या गिऱ्हाइकाला दुकानात काय पाहता येई? भात्याला भोक आहे काय, भिंगावर ओरखडा आहे काय, झडप वेळेवर उघडून मिटते काय, आणि मागच्या घासलेल्या काचेवर समोरच्या रस्त्याचे उलटे चित्र स्पष्ट उमटते काय, एवढेच. खरा निकाल काच धुतल्यावाचून लागत नसे, आणि ती तर घरी नेऊनच धुवावयाची. आज मोबाईल घेणारा मुलगा दुकानदाराचाच फोटो काढून तत्क्षणी पाहतो. पण दुकानात दिव्यांचा लखलखाट असतो. रात्रीच्या लग्नमंडपात त्याच यंत्राची गत काय होते, हे पुढे कळते. मिळून पारखीची अडचण अगदीच सरली आहे असे नाही.

आपल्या मराठी माणसांच्या चित्रपटाचा इतिहास सांगताना नाटके, नट, पडदे यांविषयी पुष्कळ सांगितले जाते. ज्या यंत्रावाचून यातले काहीच घडले नसते ते विकत कसे घेतले, हे मात्र एका वाक्यात उरकतात. मला ती खरेदी फार महत्त्वाची वाटते.

पहिली खरेदी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांची. लोक त्यांना सावेदादा म्हणत. मुंबईत त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली, आणि सावेदादांनी विलायतेहून २१ गिनींना कॅमेरा मागविला. वस्तू न पाहता, पत्राने! १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती लावून त्यांनी ती चित्रित केली, आणि ती फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. कॅमेरा चालतो की नाही याचे उत्तर समुद्र ओलांडून यावयाचे! १९०१ मध्ये रँग्लर परांजपे स्वदेशी परतले त्या स्वागताचे चित्रण त्यांनी केले, म्हणजे यंत्र चांगले निघाले. पण सावेदादा धंद्यातले गृहस्थ होते. एखादे यंत्र फसले असते तरी त्यांचे दुकान बसले नसते.

दादासाहेब फाळके यांची गोष्ट निराळी. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांना ध्यास लागला. रोज इतके तास चित्रपट पाहिले की डोळे दुखावले आणि काही काळ दिसेनासे झाले. विलायती कंपन्यांची सूचीपत्रे त्यांच्याजवळ होती. पत्र टाकून कॅमेरा मागविणे त्यांनाही शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. सुमारे १२,००० रुपयांच्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १०,००० रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीवर चढले. विम्याचे पैसे म्हणजे बायकामुलांचा उद्याचा घास. तेव्हा या माणसाने यंत्र डोळ्यांनी पाहण्याचा हट्ट धरला, यात नवल काय?

लंडनला पिकॅडिलीजवळ ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाची पाटी त्यांना दिसली. त्याचे ते वर्गणीदार होते. सरळ आत शिरले. संपादक केबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात पडूच नका असे बजावले. विक्रेता असा सल्ला कधी देणार नाही! फाळके बधत नाहीत असे पाहून मग त्यांनीच वॉल्टन येथील चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला कारखाना खात्याखात्याने दाखविला आणि चित्रीकरणही समोर करून दाखविले. दुकानाच्या फळीवर ठेवलेला कॅमेरा आणि कामाला जुंपलेला कॅमेरा यांतला फरक फाळक्यांनी इथे पाहिला. त्यानंतरच, या दोघांच्या सल्ल्याने, त्यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला. किंमत ५० पौंड. पौंडाला १५ रुपये या त्या वेळच्या दराने ७५० रुपये. हा विल्यमसन मूळचा होव्ह गावचा औषधविक्रेता, पुढे स्वतः चित्रपट काढू लागलेला. त्याला चित्रपटवाल्याच्या अडचणी ठाऊक असणारच. कोडॅकची कच्ची फीत आणि तिला कडेने भोके पाडण्याचे यंत्र हेही फाळक्यांनी मागविले. कच्ची फीत त्या काळी बिनभोकांची येई. ही भोके सारख्या अंतरावर पडली नाहीत, तर पडद्यावरचे चित्र थडथडा उडते.

१ एप्रिलला ते परतले. कॅमेरा मे महिन्यात आला, आणि सोबतच्या आराखड्यावरून दादरच्या बंगल्यात चार दिवसांत तो जोडला गेला. पहिली परीक्षा झाली ती बंगल्याभोवती खेळणाऱ्या मुलांवर. भोके पाडणे आणि फीत धुणे ही कामे सरस्वतीबाईंनीही शिकून घेतली. आता लंडनला काही पाठवावयाचे नव्हते. रात्री स्वयंपाक उरकला की निकाल घरच्या घरी.

मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून कॅमेरा त्याच्यासमोर उभा केला आणि बी रुजून वेल होईपर्यंतची फीत तयार केली. काही लेखक ही फीत विलायतेच्या प्रवासाआधीची धरतात; कॅमेरा मे महिन्यात आला हे ध्यानी घेता मला ती नंतरचीच वाटते. महिनाभर रोज एक चौकट घेतली आणि मिनिटभराचे चित्र झाले, असेही सर्रास लिहिलेले आढळते. हिशोब करून पाहा. त्या काळी सेकंदाला सुमारे १६ चौकटी धावत. महिन्याच्या ३० चौकटी दोन सेकंदांत संपतील! मिनिटाला ९६० चौकटी हव्यात, म्हणजे दिवसाला तीसेक तरी घेतल्या असल्या पाहिजेत. माझ्या समजुतीने या कामाचा मोठेपणा याने वाढतोच. इतक्या दिवसांत कॅमेरा केसभर हलता कामा नये, प्रत्येक वेळी प्रकाश सारखा हवा, फीत नेमकी एकेक घर सरकली पाहिजे. कॅमेऱ्याची याहून कडक परीक्षा कोणत्या दुकानात झाली असती?

ती फीत निवडक मंडळींना दाखविली गेली, आणि छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे लोक कर्ज द्यावयास तयार झाले. व्यापाऱ्याचेच डोळे ते. पडद्यावरचे चित्र उडत नाही हे त्यांना आधी दिसले असेल. सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले.

कॅमेरा पारखून झाला, पण तो फिरवावयाचा कोणी? फाळके दिग्दर्शनात गुंतणार. त्यांनी आपल्या गावचा, त्र्यंबकेश्वरचा बालमित्र त्र्यंबक तेलंग याला बोलावून घेतले. हा तिथल्या देवळातला पुजारी. त्याला आधी साध्या छायाचित्रणाचे धडे दिले, मग कॅमेऱ्याची मूठ हातात दिली. मूठ दर सेकंदाला दोन वेढे, एका लयीत फिरली पाहिजे. घाई झाली की पडद्यावर माणसे रेंगाळतात, हात मंदावला की धावू लागतात. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो या पुजाऱ्याच्या हाताने टिपलेला.